गच्चीला दुसरं दार नव्हतं

ऑकलंड,
रविवार, चर्चहून आल्यावर

परमपूज्य पेलेनाइसे आत्यांच्या पायांशी, डोकं जितकं खाली जाईल तितकं घालून, तुमचा भाचा सेमिसी याचा नमस्कार.

देवाची कृपा की त्यानं तुम्हाला तिकडे टोंगात, वावाऊ बेटावर, आणि आम्हाला इथे या रविवारपर्यंत आणून पोचवलं. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? चटईसाठी केवड्याची पानं भिजवायला तुम्ही अजून स्वतः समुद्रात उतरता असं कळलं. ते बंद करा. घरात एवढ्या सुना आहेत त्या काय नुसत्या फोन बघायला? डुकरं पुन्हा रताळ्यांत शिरली का? इथे सगळे खुशाल. मीही खुशाल आहे, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तुमच्या कानावर काहीबाही आलं असणार. मी इमारतीवरून पडलो असं लोक म्हणतात. आपल्या लोकांना तिखटमीठ लावायची सवयच आहे. मी पडलो नाही. मी अदबीनं मागे सरलो, आणि मागे इमारत संपली होती.

त्याचं असं झालं. तुमची लेक, आमची लेसिएलीताई, माझ्याच कामावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. आम्ही उंच इमारती रंगवतो, आणि कुणी घसरून पट्ट्याला लटकलंच तर त्याला दोरानं खाली आणणाऱ्यांची ती मुख्य. परमुलखात आलो म्हणून आम्ही रीत सोडलेली नाही. बहीण जिथे येते तिथून भावानं उठावं, तिच्याशी सरळ बोलू नये, तिला शिवू नये, तर ती चहाच्या खोलीत आली की मी उठतो. ती ग्लेनशी बोलते, मी ग्लेनशी बोलतो. (ग्लेन म्हणजे आमचा गोरा मुकादम. माणूस सोन्यासारखा, पण समज बेताची. आमचं जमिनीवरून भांडण आहे अशी त्याची खात्री होती. समेट घडवायला एकदा केक घेऊन आला आणि दोघांना समोरासमोर बसवायला लागला. मी माझा तुकडा जिन्यात बसून खाल्ला.) तर तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी मी गच्चीच्या कडेला ढग बघत होतो. रंगवतही होतो, पण मुख्यतः ढग. कठड्याची एक बाजू दुरुस्तीसाठी पाडलेली होती. कमरेला पट्टा होता, त्याची दोरी भिंतीतल्या कडीला होती. आपल्याकडे जशी कमरेला चटई बांधल्याशिवाय चर्चमध्ये घेत नाहीत, तसंच इथे पट्ट्याशिवाय गच्चीवर घेत नाहीत. तेवढ्यात सगळ्यांच्या दोऱ्या तपासायला ताई दारातून आली. मी नेहमीसारखा उठलो, वाकलो आणि बाहेर जायला निघालो. पण दारात ती उभी, आणि गच्चीला दुसरं दार नव्हतं. मग मी वाकलेलाच मागे गेलो.

आत्या, लटकण्याबद्दल माझी तक्रार नाही. पट्टा मांड्यांना काचतो, पण थोड्या वेळानं मांड्याच आपल्या राहत नाहीत. खाली बंदर होतं, फेरीबोटी पाण्यावर पांढऱ्या रेघा ओढत होत्या आणि पाणी त्या सावकाश पुसत होतं. माझ्यासमोर एक खिडकी, आत दातांचा डॉक्टर, खुर्चीत एक बाई आडवी, तोंड उघडं, डोळे माझ्यावर. मी मान लववली. तिला तोंड मिटता येईना, म्हणून तिनं पायाचा अंगठा हलवला. डॉक्टरची पाठ माझ्याकडे होती. त्याला वाटलं बाईला दुखतंय, म्हणून त्यानं तिला आणखी एक सुई दिली. मग वारा पडला. मी तुमच्या अंगणात होतो, लहान, उताणा, आणि तुम्ही वर दोरीवर पानं वाळत घालत होतात, त्यांच्या फटींतून ऊन माझ्या तोंडावर येत होतं, जात होतं. आपल्या खाडीत देवमाशीण पिल्लाला घेऊन येते तशी एक बोट आली, आणि तिच्या मागून खरोखरच तिचं पिल्लू. मला इतकं बरं चर्चमध्येही कधी वाटलेलं नाही (हे पाद्रीबाबांना सांगू नये). पुढे ताईनं ग्लेनला सांगितलं आणि ग्लेननं मला, की हे असं छान छान वाटणं म्हणजेच मरायला लागणं. लटकलं की रक्त पायांत साठून राहतं आणि डोक्याला पुरत नाही.

वर काय चाललं होतं ते मला स्वप्नात ऐकू यावं तसं येत होतं. ताई म्हणत होती, "ग्लेन, त्याला सांग, पट्ट्याच्या खिशातला फास काढ, त्यात पाय घाल आणि उभा राहा." ग्लेन वाकून तेच ओरडला. मी म्हटलं, "ग्लेन, ताईला सांग, मी इथे मजेत आहे, तिनं तसदी घेऊ नये." ग्लेन म्हणाला, "अरे, मी काय पोस्टमन आहे? तुम्ही दोघं दहा हातांवर आहात!" आता अशा वेळेसाठी आमच्याकडे एक पिशवी असते. तिच्यात दोर, माणसाला एकाच चालीनं सावकाश खाली सोडणारं एक यंत्र, वीतभर उचलायची कप्पी, आणि टोकाला आकडा असलेली एक लांब काठी. वर उभं राहूनच तो आकडा लटकलेल्याच्या पट्ट्यात अडकवायचा, वीतभर उचलायचं, त्याची ताणलेली दोरी सोडवायची आणि जमिनीवर पोचवायचं. कुणी कुणाला शिवायला नको. ही काठी कुणीतरी आपल्या टोंगाच्या भावाबहिणींसाठीच काढली असणार असं मला नेहमी वाटे. पण त्या दिवशी काठी चर्चच्या हॉलमध्ये होती. छताला कागदी फुलं टांगायला माझ्या मामांनी ती ग्लेनकडून मागून नेली होती, आणि मामांना ग्लेन नाही म्हणू शकत नाही (कोण म्हणू शकतं?).

मी पुन्हा तुमच्या अंगणात परतलो होतो, एवढ्यात वरून हाक आली, "सेमिसी! गाढवा, डोळे उघड!" आत्या, मिसरूड फुटल्यापासून तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलेलं नव्हतं. बघतो तर ताई दोरावरून खाली येत होती, कुणाच्याही तोंडी शोभणार नाहीत असे शब्द उच्चारत. (कुठून शिकली? मी तर शिकवले नाहीत.)

"ताई, तू परत जा," मी म्हटलं. "मी भिंतीकडे तोंड करतो."

"तोंड कुठेही कर. कंबर इकडे दे."

तिनं मला आपल्या दोराला अडकवलं, कप्पीनं वीतभर उचललं, माझी दोरी सोडवली, आणि आम्ही दोघं मिळून उतरायला लागलो. बोलावं लागू नये म्हणून तिनं भजन धरलं, आपल्याकडचं सगळ्यात लांबलचक. मी खालचा सूर लावला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं रंगाच्या कंपनीची जाहिरात चालली आहे. सबंध उतरताना आम्ही एकमेकांना फक्त पट्ट्यांपुरते शिवलो. मी डोळे मिटून खांबासारखा ताठ होतो. घराण्याची लाज मी राखली. दवाखान्यात सगळं तपासलं, आता पाय पुन्हा माझेच आहेत. ग्लेन भेटायला आला आणि विचारू लागला की तू मागे का सरलास. म्हटलं, ताई आली. म्हणाला, तिनं काय केलं? म्हटलं, काही नाही, आली. 

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. समुद्रात उतरू नका. सगळ्यांना प्रेम, डुकरांना दोन रट्टे.

तुमच्या चटईखालचा,
सेमिसी

ता. क. धक्क्यावरची पोरं तुम्हाला एक व्हिडिओ दाखवतील. त्यात एक धिप्पाड गडी एका बाईच्या गळ्याला मिठी मारून, तिच्या खांद्यात तोंड खुपसून, भजनाच्याच चालीवर "मला सोडू नकोस, मला सोडू नकोस" असा रडतो आहे. गडी कोण ते नीट दिसत नाही.

दुसरा ता. क. आवाज मात्र नीट ऐकू येतो. तो मीच.

तिसरा ता. क., आणि पत्र खरं यासाठीच. खाली पोचल्यावर ताईनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ग्लेनच्या हातात दिलं आणि चालू लागली, ती कामावर परत आलीच नाही. तिचं म्हणणं, ती गच्चीवर आली नसती तर मी पडलो नसतो. आली ती आली, वर सगळ्या शहरासमोर भावाला शिवली. आता आईला काय तोंड दाखवू, म्हणते. आता ती एका बेकरीत पिशव्यांत पाव भरते. तिथे कुणी कुठूनही पडत नाही. तिच्याइतका दोर कुणाला कळत नाही असं ग्लेन म्हणतो, आणि हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आत्या, आपल्या घरात तुमच्या शब्दापुढे माझा बापही बोलत नाही. तिला फोन करा. सांगा की मिठी मी मारली, तिनं नाही. सांगा की तुमच्या लेकीनं तुमचा भाचा जिवंत आणला. कामावर परत जा असा तिला हुकूम करा, आणि मलाही एक हुकूम करा, की ताई आली तर जागचं हलायचं नाही. तुमचा हुकूम असला तर मला ते जमेल. सोमवारी मी पुन्हा वर जातो आहे. तिच्या जागी एक गोरा गडी आला आहे, गुणी आहे, माझ्याशी सरळ बोलतो, वेळ आली तर खुशाल मिठीही मारील. पण खालून मान वर करून त्याला गच्चीवर पाहिलं की माझे हात गार पडतात. आत्या, मला वर तीच हवी आहे.