एकावर तीस शून्यं

१७ फेब्रुवारी, सोमवार
विज्ञानदिनाला केंद्रप्रमुख शाळेत येणार. आदर्श शिक्षकासाठी यंदा माझीच शिफारस, हे नक्की. इतर शाळांच्या भिंतींवर पाढे आणि फळं. आपल्या भिंतीवर 'क्वेटा'! मोजमापातला सगळ्यात मोठा उपसर्ग. एकावर तीस शून्यं. अख्खी पृथ्वी तोलली तरी सहा रॉनाग्रॅम, आणि क्वेटा रॉनाच्या हजारपट. नेर तालुक्यात हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसावं. मलाही शनिवारीच कळलं.

१९ फेब्रुवारी
मुख्याध्यापिका वर्षा मॅडम म्हणाल्या, दहाच्या डोक्यावर बारीक तीस लिहा, जागा वाचेल. साफ नकार दिला. बाईंना दूरदृष्टी नाही.

२१ फेब्रुवारी, दुपार
पेंटर सेवादास आला. शून्यं सारखी यावीत म्हणून खिचडीवाल्या विमलताईंची वाटी मागून घेतली. भिंत मोजून घेऊ का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, विज्ञानाच्या माणसाला अंदाज असतो.

२२ फेब्रुवारी
तेवीस शून्यांत भिंत संपली. वाटीच मोठी. दोष विमलताईंचा. आकडा कोपऱ्यावरून वळवून ऑफिसच्या भिंतीवर नेला. उलट छान दिसतो.

२५ फेब्रुवारी
काम फत्ते. सत्काराला कोणता शर्ट घालायचा ते ठरवलं. आकाशी.

२७ फेब्रुवारी, ११.४०
विमलताई वाटी न्यायला आल्या. रोज पोरांची ताटं मोजायची सवय. उभ्या उभ्या म्हणाल्या, "सर, मले तं एकोणतीसच दिसून राह्यले." मी हसलो. मग मोजली. चारदा. एकोणतीस.
सेवादासला फोन केला. म्हणे, "मले वाटलं, तुमी मोजून राह्यले." मला वाटलं होतं, तो मोजतोय.

दुपारी १
एक शून्य म्हणजे किरकोळ, अशी मनाची समजूत घातली. मग हिशेब केला. ग्रॅम धरले तर नऊशे रॉनाग्रॅमचा घोळ. दीडशे पृथ्व्या गायब. जिल्ह्यात एवढी मोठी चूक कुण्या मास्तरानं केली नसेल.

संध्याकाळी ५
भिंतीवर जागा नाही. पुढे ऑफिसचं दारच. तिसावं शून्य दारावर काढलं. दार लावलं की बरोबर, उघडलं की दीडशे पृथ्व्या गायब. उद्या फक्त दार लावून ठेवायचं. सोपं आहे.

२८ फेब्रुवारी
आकाशी शर्ट. सकाळपासून दाराची कडी धरून उभा. साहेब आले. कडी न सोडता एका हातानं नमस्कार केला. त्यांनी बोट फिरवत मोजलं. तीस. "वा!" म्हणाले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.
तेवढ्यात दार आतून ओढलं गेलं. मी बाहेरून ओढलं. आत कोण आहे, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, वारा. वारा आतून ओरडला, "सर, दार सोडा! काहून धरून ठेवलं?"
वर्षा मॅडम बाहेर आल्या. तिसावं शून्य आत गेलं. साहेबांनी पुन्हा मोजलं. विमलताई खिचडीचा डाव घेऊन हजरच होत्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं, वाटीसकट.

१ मार्च, शनिवार
शेरेबुकात साहेबांनी विमलताईंचं अभिनंदन केलंय. दोन ओळी. माझं नाव कुठेच नाही. फार वाईट वाटलं.
सोमवारपासून माझ्याकडे पहिलीचा वर्ग. अंक ओळख, एक ते वीस. मॅडम म्हणाल्या, आठवडाभर विमलताई मागे बसतील, मोजायला.