चादरीखाली दिसलेले पाय

१२ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल लावणं सोडू नका. मी ठीक आहे.

त्या सकाळी दूध तापवलं, भांडी घासली आणि मोठी चादर पिळायला ह्यांना हाक मारली. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. "लिंबू पिळतेस की चादर?" म्हणाले आणि हसत गल्लीत गेले. मी चादर तारेवर घातली. तेवढ्यात ते ओरडले. चादरीखालून मला धावते पाय दिसले, एक पाय ओढत गेलेले. चादर बाजूला केली तेव्हा हे रक्तात पडले होते आणि गल्ली रिकामी होती.

समोरचा सुतार पाय ओढतो. आदल्या दिवशी वाटेतल्या फळ्यांवरून त्याचं ह्यांच्याशी वाजलं होतं. फौजदारानं विचारलं, "म्हणजे सुतारच ना?" मी हो म्हटलं. वन्सं, तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच दिसलं होतं.

ती चादर मी पुढे कित्येक महिने बाहेर काढली नाही. साक्षीच्या आधी एकदा धुऊन तारेवर घातली आणि पलीकडून तेच पाय गेले. एक ओढत. सुतार तर तुरुंगात होता! चादर उचलली, तर आपला शिंपी. "काय वहिनी, भूत पाहिलंत का?" म्हणाला.

मग मी तिथेच उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय पाहिले. गटारावरची फरशी उचकटलेली आहे. तिथे ओल असली की घसरू नये म्हणून जो तो एक पाय ओढतो, आणि त्या सकाळीही चादरीचं पाणी तिथेच गेलं होतं. पोस्टमन, शेजारीण, सगळे.

सरकारी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, शंका काढायला समोरचा वकील आहे. तुम्ही कशाला त्याचं काम हलकं करता?"

कोर्टात मी पाहिलं तेवढंच सांगितलं. पाय पाहिले, तोंड नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "कुणी धमकावलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही साहेब. फरशीचं सांगते आहे."

सुतार सुटला. त्याची आई माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागे घेतले. म्हटलं, "तुमचा मुलगा निर्दोष आहे असं मी म्हटलेलं नाही."

तुम्ही भाच्याजवळ निरोप धाडलात, की भावाचं रक्त पुसून टाकलंस. तुम्ही त्यांना कडेवर वाढवलंत, तुमचा बोलण्याचा हक्क आहे. पण मग मारलं कुणी, हेही तुम्ही विचाराल, आणि तेच लिहायचं मी इतका वेळ टाळते आहे. मला माहीत नाही. सुतारानंच मारलं असेल. तसं असेल तर ह्यांना मारणारा माझ्या साक्षीनं सुटला आणि समोर बसून रंधा मारतो आहे. तो आवाज मला दिवसभर ऐकू येतो. नसेल, तर कुणीतरी दुसराच मोकळा फिरतो आहे आणि त्याला आता कुणी शोधत नाही. दोन्हींपैकी काय बरं, ते मला ठरवता येत नाही.

एवढं मात्र खरं, की न पाहिलेलं तोंड मी पाहिलं म्हणाले असते, तर ह्यांचं तोंड मला आठवता आलं नसतं.

सुतार घरी आला त्या दिवशी मी दार लावून बसले. दुसऱ्या दिवशी कपडे धुतले. चादर त्याच तारेवर घातली. दुहेरी दुमडून, गल्लीतून जाणाऱ्याचं तोंड दिसेल इतकी वर.

तुम्ही मानलंत तर,
तुमच्या भावाची बायको