वन्सं, तो बिल्ला आमचा नव्हता

तीर्थस्वरूप थेल्मावन्सं यांस,

मेव्हिसचा गुडघा वाकेल तितका वाकून नमस्कार. इकडे आयोवात सर्व ठीक, तिकडे डलूथला तुमचंही ठीक असावं. कंबर कशी आहे? तळं अजून गोठलेलंच असेल, आणि तुम्ही अजून दारातला बर्फ स्वतःच उपसत असाल. (शेजारच्या नील्सनला सांगा ना. त्या माणसाने बर्फ उडवायचं एवढं मोठं यंत्र घेऊन ठेवलंय आणि कुणी बोलवेल म्हणून वाट बघतोय. पण तुम्ही सांगणार नाही, मला माहीत आहे.) मी पाठवलेलं लोणचं संपलं की बरणी परत पाठवू नका, ती तुमचीच आहे.

पत्रास कारण काय ते तुम्ही ओळखलंच असेल. रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "फोटो पाहिला. छान आलाय." आणि पुढचा सगळा वेळ हवामानावर बोललात. वन्सं, मी तुमच्या घराण्यात उभा जन्म काढलाय. तुमच्यात एखाद्याला कायमचं तोडायचं असलं तरी आधी "वारा सुटलाय" म्हणतात. फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून बसले. लेस्टर गेल्यापासून सासरचं म्हणावं असं माणूस मला तुम्ही एकट्या. तुम्ही बोलणं टाकलंत तर मी कुणाशी भांडू? म्हणून पहिल्यापासून सगळं सांगते. त्या फोटोत माझ्या छातीवर 'नुकतंच लग्न झालं!' असा बशीएवढा गुलाबी बिल्ला का आहे, शेजारी तसाच बिल्ला लावून ऑर्व्हिल टोलेफसन का उभे आहेत, आणि आमच्या दोघांच्या मध्ये कप्तानाची टोपी घातलेलं माणसाएवढं पाणमांजर डोळे का पुसतंय, ते सगळं ऐका आणि मग काय ते ठरवा.

दोष लुटेफिस्क माशाच्या जेवणाचा. चर्चच्या तळघरात मासा खाऊन झाला (यंदा तो इतका लिबलिबीत होता की काट्यावर थांबेना, चमच्याने ओढावा लागला) की सोडत निघते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी पहिलं बक्षीस कापून गोठवलेलं अर्धं डुक्कर असतं. मी त्या डुकराच्या आशेनेच तिकीट घेतलं. यंदा मात्र पास्टरच्या जावयाने भलताच उत्साह दाखवला, आणि माझ्या नावावर निघालं ऑर्लंडोच्या 'वंडर बे' या करमणुकीच्या पार्कातलं हॉटेल. तीन दिवस, दोन खोल्या, शिवाय बाकीचं पब्लिक बाहेर काढल्यावर रात्री पार्कात हिंडायची मुभा. माझा चेहरा पडला, पण मी "वा वा" म्हटलं. डुक्कर मिळालं त्या बाईनेही "अरेरे, तुझं हुकलं" असा चेहरा केला, त्यामुळे आमचा दोघींचा मान राहिला.

मी मैत्रीण म्हणून अर्डिसला बरोबर घेतलं. अर्डिसने सामान उचलायला आपल्या भावाला घेतलं. म्हणजे ऑर्व्हिलभाऊ आले ते हमाल म्हणून, हे आधी लक्षात घ्या. एका खोलीत मी आणि अर्डिस, दुसऱ्या खोलीत ऑर्व्हिलभाऊ. गावात कुणी काही म्हणत असेल तर हे त्यांच्या तोंडावर सांगा. (एवढं खरं की अर्डिस ऊन असतानाच जेवते आणि दिवे लागायच्या आत झोपते. तेव्हा देखरेख होती, पण ती घोरत होती.)

आता बिल्ल्याचं. त्या गावात माणूस नुसता येत नाही, काहीतरी साजरं करायला येतो. हॉटेलातली मुलगी किल्ली द्यायच्या आधी विचारते, "मग, काय साजरं करताय?" आणि तसा बिल्ला लावते: कुणाचा वाढदिवस, कुणाची पहिलीच खेप, कुणाचं लग्न. वन्सं, आपल्याकडे साजरं करायची सवय कुणाला आहे? माझ्या साठीला लेस्टरने गाडीचं तेल बदलून आणलं होतं. अर्डिस बाथरूमला गेलेली. मी म्हटलं, "काही नाही हो, आम्ही असेच आलोय." ऑर्व्हिलभाऊंना प्रश्न विचारला की ते बुटांकडे बघतात आणि कान लाल होतात. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, मग त्या कानांकडे बघितलं, आणि टाळ्याच पिटल्या. "अगंबाई! नवं लग्न! लाजताय काय?" आणि दोघांना बिल्ले टोचून मोकळी झाली.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? पोरीला केवढा आनंद झाला होता. चूक दाखवली असती तर बिचारीला दिवसभर चुटपुट लागली असती. तुम्हीही "थँक्यू" म्हणाला असतात. न्हाव्याने लेस्टरचं चुकून पूर्ण टक्कल केलं तेव्हा तुमच्या भावाने वर बक्षिशी देऊन "मोकळं वाटतंय" म्हटलंच ना? आम्हीही थँक्यू म्हटलं. खोलीत गेल्यावर काढून टाकू, असं आमचं ठरलं. पण खोलीत पोचेपर्यंत त्या पोरीने सगळीकडे कळवलेलं, आता काढायचे कसे? ऑर्व्हिलभाऊंच्या पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवले होते. कुणीतरी एवढ्या हौसेने घड्या घातल्या, त्या मोडायच्या कशा, म्हणून ते तीनही दिवस आंघोळ करून शर्टानेच अंग पुसत होते.

रात्री बाकीची माणसं मुलांना काखोटीला मारून बाहेर निघाली तेव्हा आम्ही दोघं मनगटाचे पट्टे दाखवत उलटे आत शिरलो. वाटेत भेटेल त्याला "सॉरी, सॉरी" म्हणत. आत गेलो तर सगळं रिकामं. एरवी म्हणे एकेका खेळासाठी अर्धा दिवस रांगेत जातो. रांगेचे लोखंडी कठडे नागमोडी, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि त्यात चिटपाखरू नाही. कुणीही दोरीखालून वाकून सरळ पुढे गेलं असतं. पण ऑर्व्हिल म्हणाला (इथून पुढे नुसतं ऑर्व्हिल लिहिते, हात दुखतो), "रांग ती रांग." आणि एकेक वळण घेत चालू लागला. मीही मागोमाग. प्रत्येक वळणावर आम्ही कठड्याच्या दोन बाजूंना समोरासमोर यायचो आणि चर्चच्या दारात भेटल्यासारखी मान हलवायचो. तुम्हाला हसू येईल, पण शेवटीशेवटी मी पुढच्या वळणाची वाट बघायला लागले होते.

आणि तो बिल्ला! पार्कात माणसं मूठभर, कर्मचारी शेकडो, आणि त्यांना काही काम नाही. जो तो लांबून हात हलवतोय, "अभिनंदन!" ऑर्व्हिल प्रत्येकाला म्हणायचा, "तुमचंही." ओंडक्यात बसून पाण्यात कोसळायच्या खेळात आम्हाला सगळ्यांत पुढे बसवलं. नव्या नवरीचा मान! मी सेट करून घेतलेले केस नाकावर आले, तेव्हा ऑर्व्हिलने आपली बियाणं कंपनीची टोपी काढून मला दिली आणि स्वतः ओला राहिला. आइस्क्रीमवाल्याने एका कपात दोन चमचे घालून दिले आणि गाल हातावर टेकून बघत उभा राहिला. त्याचा हिरमोड नको म्हणून मी ऑर्व्हिलला एक चमचा भरवला. वन्सं, त्यात शिष्टाचारापलीकडे काही नव्हतं. दुसरा चमचा त्याने मला भरवला, तोही शिष्टाचारच.

मग ते पाणमांजर, म्हणजे पाणमांजराचं सोंग घेतलेला माणूस. त्याचं नाव कॅप्टन बिस्किट. दिवसा त्याच्याशी हात मिळवायला मुलं रडरडतात. आता तो कारंज्यापाशी एकटाच उभा होता, एक फोटो काढणारी बाई सोबतीला. त्याला बोलायची परवानगी नसते, नुसते हातवारे. बाईने बिल्ले बघितले आणि विचारलं, "मागणी कशी घातली हो यांनी?" पाणमांजरानेही हात जोडून 'सांगा, सांगा' अशी खूण केली. माझं धाबं दणाणलं. म्हटलं, पुरे झालं, आता खरं सांगून टाकावं. तोंड उघडलं, तर ऑर्व्हिल बोलायला लागला. दिवसाकाठी सहा शब्द बोलणारा माणूस, आणि बोलत होता त्या बाईशी नाही, माझ्याशी तर नाहीच, त्या पाणमांजराशी. मला वाटतं, आपल्याइतकं गप्प कुणीतरी त्याला जन्मात पहिल्यांदा भेटलं.

"चर्चच्या तळघरात," तो म्हणाला. "जेवण उरकलं होतं. ही कॉफीची मोठी टाकी घासत होती, मी पुसत होतो. ही म्हणाली, झाकण कुठाय? झाकण माझ्याच हातात होतं. मी दिलं नाही. दिलं असतं तर ही घरी गेली असती." मग बराच वेळ टोपी शोधल्यासारखा डोक्यावर हात फिरवत राहिला. (टोपी माझ्या डोक्यावर.) "मग म्हटलं, मेव्हिस, रात्री रेडिओ बंद केला की घर फार मोठं होतं. तुझंही होत असेल. तर एकाच घरात बसत जाऊ या का?"

"आणि या काय म्हणाल्या?" त्या बाईने विचारलं.

"ही म्हणाली, झाकण द्या."

पाणमांजराने आम्हा दोघांना कवेत ओढलं, मग मध्ये उभं राहून दोन्ही पंजांनी डोळे पुसले, आणि त्याच वेळी बाईने फोटो काढला. तो फोटो हॉटेलने अर्डिसच्या फोनवर धाडला, आणि अर्डिसने सकाळी उठल्याउठल्या, चष्मा न लावता, चर्चच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. असा तो तुमच्यापर्यंत आला. बिल्ले आम्ही निघताना परत करायला गेलो होतो, पण ती मुलगी रजेवर होती, आणि दुसरीला सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे तिचा वेळ गेला असता. तेव्हा वन्सं, सगळा गैरसमजाचा खेळ आहे, दुसरं काही नाही. मनात किंतु ठेवू नये. तब्येतीस जपावे.

तुमची भावजय,
मेव्हिस

ता. क. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. झाकणाचं खरं आहे. गेल्या हिवाळ्यात मी टाकी घासत होते, झाकण मागितलं, आणि तो हातात धरून नुसता उभा राहिला होता. मला वाटलं, ऐकायला कमी येतं. पुढचं जे तो पाणमांजराला म्हणाला, ते मला कधीच म्हणाला नव्हता. हॉटेलकडे परतताना मी विचारलं, "तेव्हाच का नाही बोललात?" तर म्हणाला, "तुझे हात गरम पाण्यात होते." वन्सं, मला रडू आलं. टोपी होती म्हणून त्याला दिसलं नाही.

ता. क. मी हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, आधी वन्संना विचारीन. लेस्टरची आठवण मला रोज येते आणि येत राहील, हे मी त्याला स्पष्ट सांगितलंय. तो म्हणाला, "येऊ दे की. त्याने मला मासेमारी शिकवली."

ता. क. तुम्ही हो म्हणालात तर जूनमध्ये करू, इकडची पेरणी आटोपली की. पास्टर विचारतात, नवरीला हात धरून वेदीपर्यंत कोण आणणार? माझ्या माहेरचं आता कुणी उरलं नाही. माझ्या पहिल्या लग्नात तुम्ही लेस्टरकडच्या बाकावर बसला होतात, ताठ, हातमोजे घालून, आणि मी तुम्हाला भयंकर घाबरले होते. या खेपेला माझ्या बाजूने याल का? मला तुमच्याच हाताने जायचंय. दुसऱ्या कुणाच्या हाताने मी जाणार नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मुळीच जाणार नाही, हेही मी ऑर्व्हिलला सांगून टाकलंय.

ता. क. त्यावर तो "बरं" म्हणाला आणि घरी जाऊन गाडीत पेट्रोल भरून आला. त्यामुळे हे पत्र मी टपालात टाकत नाही, त्याच्याच हाती डलूथला धाडतेय. (पाकीट चिकटवलंय. पण उघडं दिलं असतं तरी त्याने वाचलं नसतं.) तो ते तुमच्या टपालपेटीत टाकेल, बेल वाजवणार नाही, कारण तुम्ही आडव्या झाला असाल तर झोपमोड होईल. मग गाडीत जाऊन बसेल, इंजिन बंद करून, कारण आवाजाने शेजाऱ्यांना त्रास. तुम्ही वाचून, विचार करून, दोन दिवसांनी ठरवलंत तरी तो तिथेच बसलेला असेल. वन्सं, उत्तर काय द्यायचं ते सावकाश द्या, पण आधी त्याला आत घ्या.