गुलाबरावांच्या नाल्यावरचा पूल

२ जुलै १९७८
सकाळी गुलाबरावांच्या वावराकडे जाऊन पूल बघून आलो. नाल्याला मांडीएवढं पाणी. चार वर्षांतला हा माझा चौथा पूल, सगळ्यांत लांब. दोन्ही काठांना दगडाचे ओटे, त्यांवर सागाच्या दोन बल्ल्या, आडव्या फळ्या, धरायला एका बाजूनं तार. कॅनॉलवर मुकादमी केली, तेवढंच माझं शिक्षण. निंदायला जाणाऱ्या बाया गप्पा मारत वरून जातात, खाली बघतही नाहीत.
मी बघतो. डावीकडची बल्ली.

५ जुलै
लिहून टाकतो. निदान एका ठिकाणी तरी खरं असू दे.
डाव्या बल्लीला चीर आहे, टोकापासून जवळजवळ मध्यापर्यंत. मे महिन्यात गाडीतून उतरवली तेव्हाच दिसली. चारही पूल मी सुखदेव सुताराबरोबर केले. तो म्हणाला, "हे नोको घेऊ. दुसरी पाहू." एवढ्या लांबीची दुसरी मिळेना. गुलाबराव रोज विचारायचे, पूल कधी. मी चिरेत डांबर भरलं, वरूनही फासलं. सुकल्यावर चीर कुठे होती ते दिसेना.  सुखदेव हत्यारं पोत्यात भरून घरी गेला.

९ जुलै
बायांना सांगितलं, एकेकीनं जात जा. कारण सांगितलं नाही. यमुना सगळ्यांत पुढे असते. नवरा वारल्यापासून दोन पोरी एकटीनं वाढवते आहे. ती हसली. तिच्या मागून अकरा जणी एकाच वेळी पुलावर. मी तार घट्ट करायचं नाटक करत उभा राहिलो, शेवटची उतरेपर्यंत.


१४ जुलै
बायको कमलही आता गुलाबरावांकडे निंदायला जायचं म्हणते. मी म्हटलं, पाणी फार आहे, राहू दे. ती म्हणाली, "पूल हाये नं तुमचा."
 गेली.
दुपारी दोरी ताणून बल्लीचा झोल मोजला. दोन बोटं. दोरी ओली होती, खरं किती कोण जाणे. पुन्हा मोजायची हिंमत झाली नाही.

१८ जुलै
पूल काढावा का? काढला तर बायांना गिरडच्या रस्त्यानं चार मैलांचा फेरा, नाहीतर पाण्यातून. नाही काढला तर...
सुखदेवकडे गेलतो. तो वखराला दांडी बसवत होता. पाहून येऊ म्हणाला, आला नाही. त्याचा राग नाही. त्यानं तेव्हाच सांगितलं होतं.

२१ जुलै
दुपारी टेकडीकडून काळं आलं आणि तासाभरात नाल्याचं पाणी फळ्यांच्या हातभर खालपर्यंत चढलं. बाया पलीकडच्या वावरात. मी पळत गेलो तोवर त्या काठावर जमल्या होत्या, डोक्यावर गवताचे भारे.
भारे टाका म्हणालो. एकेक या. आवाज असा निघाला असेल की कोणी हसलं नाही. मी अलीकडच्या ओट्यापाशी पाण्यात उतरलो आणि डाव्या बल्लीखाली खांदा दिला. माझ्या खांद्यानं काय होणार होतं? पण नुसतं बघत उभं कसं राहायचं. प्रत्येकीच्या पावलासरशी बल्ली करकरायची. सातवी की आठवी मध्यावर असताना बल्ली एकदम खाली बसली, चारेक बोटं. ती बाई जागच्या जागी थिजली. पलीकडून कमल ओरडली, चालत राह्य. ती चालली.
कमल सगळ्यांच्या शेवटी आली. उतरल्यावर माझ्या खांद्याकडे बघितलं. सालपट निघालं होतं.
घरी आल्यावर विचारलं, "तुमाले माहीत होतं?"
हो म्हणालो.
 तिनं हळद आणून लावली.

२२ जुलै
उजाडताच पहार घेऊन गेलो. फळ्या उखडल्या, सगळ्या. बाया आल्या तेव्हा नुसत्या बल्ल्या राहिल्या होत्या. सांगितलं, चीर आहे, मला आधीपासून माहीत होतं. एवढंच बोललो. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या बल्लीकडे बघत राहिल्या, मग फेऱ्याच्या रस्त्यानं निघून गेल्या.

२३ जुलै
गुलाबराव घरी आले. बसले नाहीत. कपाशीत गवत गुडघ्याला लागलं, बाया अर्धा दिवस चालण्यात घालवतात, परवा बल्ली मोडली नाही तर आज काऊन मोडेल, असं सगळं बोलले. पुढे म्हणाले, घाबरट माणसानं पुलाच्या भानगडीत पडू नये.
मोडली नाही हे खरं आहे. दिवसभर तेच डोक्यात. मोडलीच नसती तर?

२६ जुलै
यमुना पाण्यातून जात होती. फेरा टाळायला. पूल होता त्याच्या जरा वरच्या अंगाला. पाय निसटला, वाहत गेली, बाभळीच्या मुळ्यांना अडकली. बायांनी लुगडं टाकून ओढून काढली. उजवा हात कोपराखाली मोडला. हिंगणघाटला नेलं.
मी फळ्या काढल्या नसत्या तर ती पुलावरून गेली असती.

२७ जुलै
काही लिहवत नाही.

३० जुलै
यमुना घरी आली. प्लास्टर. कमल म्हणाली, तुम्ही जा. गेलो. थोरली पोर भाकरी थापत होती, यमुना डाव्या हातानं विस्तव सारत होती. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं.
तिनं चुलीतलं एक लाकूड आत ढकललं. मग म्हणाली, "भाऊ, फळ्या काढल्या त्याचं नाई मले काई. पण वरून आमी महिनाभर गेलो. तवा एकदा सांगाले पायजे होतं. जाचं का नाई, आमी ठरवलं असतं."
पोरीनं चहा केला. मी तो प्यायलो कसा, आठवत नाही.

६ ऑगस्ट
सुखदेव न बोलावता आला. बैलजोडी लावून दोन्ही बल्ल्या काठावर ओढल्या. डावी उताणी करून त्यानं पाचर ठोकून ती फोडली. वाटलं, आता आतून सडकी निघेल, निदान माझं भिणं तरी खरं ठरेल. निघाली अर्धी चांगली, अर्धी काळी. किती दिवस टिकली असती, त्याला विचारलं. त्यानं लाकडावरून हात फिरवला. सांगता येत नाही म्हणाला.

१९ ऑगस्ट
गुलाबरावांनी पलीकडचं निंदण सोडून दिलं. रस्त्यात दिसले तर मान वळवतात. कमल आमच्याच वावरात जाते. बाकीच्या तिघी-चौघीही येतात, माझ्याशी बेतानं बोलतात. यमुनेच्या वाट्याच्या तासाला, पिकाच्या ओळीला, कोणी ना कोणी विळा लावते. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून असते.
जुन्या तीन पुलांच्या बल्ल्या रोज तपासतो. काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

३ सप्टेंबर
खालच्या गावचे दोघे आले, एक म्हातारे आणि त्यांचा जावई. त्यांच्याकडे नाल्यापलीकडे शाळा, पावसाळाभर पोरं घरी. पूल बांधून द्या म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं. डांबराचं, अकरा बायांचं, यमुनेच्या हाताचं. कमल दारात उभी राहून ऐकत होती. जावई उठायच्या बेतात होता.
म्हातारे ऐकून घेऊन म्हणाले, "दुसरा कोनी असता तं सांगतलं नसतं. मंग लाकूड पाहाले कदी येता?"
मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. जाताना त्यांनी नाल्याची रुंदी मोजून आणलेली सुतळी घराच्या ओट्यावर ठेवली.
मघाशी हातानं मोजली. सोळा हात. एवढ्या लांबीची एक बल्ली मी आता लावणार नाही. मधे खांब लागेल, आणि तिथे खडक किती खाली आहे ते आधी पाहिलं पाहिजे.