भारेवाल्याची वाट

बाबा, आज सकाळीही मी उतरले नाही.

मागून टँकर येत होता. हॉर्न एकदा वाजला, दोनदा वाजला, मग त्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. हँडलच्या आरशात त्याचं तोंड मोठं होत आलं. मी आपल्या चालीनं पायडल मारत राहिले, डांबराच्या कडेपासून हातभर आत. शेवटी त्यानं वेग कमी केला, समोरचा डंपर जाऊ दिला आणि मला वळसा घालून पुढे गेला. जाताना क्लीनरनं खिडकीतून तोंडसुख घेतलं, ते त्याच्याजवळच राहू दे. तुमच्या कानावर तो पहिला हॉर्न पडला असता तर तुम्ही केव्हाच सायकल हातात धरून गवतात उभे राहिला असता. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच लिहायला बसले आहे. तुमच्याशी माझं एक भांडण आहे. तुम्ही होतात तोवर ते कधी नीट झालंच नाही.

तुम्ही कुडपणच्या पठारावरून खाली कारखान्यांच्या वसाहतीत कामाला आलात तेव्हा हा रस्ता एका गाडीपुरता होता. दोन्ही बाजूंना साइडपट्टी, तिच्यावर गवत, आणि पलीकडे भातखाचरं. मी कॅरियरवर बसलेली असायची. मागून गाडीचा आवाज आला की तुमची पाठ मला आधी सांगायची. ती जराशी ताठ व्हायची, मग डावा पाय खाली यायचा, सायकल गवतात जायची. एसटी असली तर ड्रायव्हर हात करायचा आणि तुम्ही मान हलवायचात. ट्रक असला तर कोणीच काही करायचं नाही, फक्त धूळ. पुढे पुढे तर तुम्ही मोटरसायकलीलाही उतरू लागलात. आपण रस्त्यावरून जात नव्हतो बाबा, आपण रस्त्यावर चढत-उतरत होतो.

बुटांचा दिवस तुम्हाला आठवतो का कोण जाणे. मला तो असा दिसतो: आपण महाडच्या बाजारात आहोत, शाळेचे काळे बूट घेतलेत, आणि मी ते दुकानातच पायात घातलेत. जुन्या चपला पिशवीत. परत येताना मी दोन्ही पाय बाजूला लांब धरून बसले आहे, चाकाचा चिखल लागू नये म्हणून. गावाच्या अलीकडच्या वळणावर टँकरचा हॉर्न येतो आणि तुम्ही उतरता. मलाही उतरवता. त्या वर्षी साइडपट्टी खचलेली होती. माझे दोन्ही बूट घोट्यापर्यंत चिखलात.

मी रडले नाही, भांडले. "आपण का उतरायचं? आपण आधी होतो की रस्त्यावर!"

तुम्ही सहसा आवाज चढवत नव्हतात, त्या दिवशी चढवलात. "त्याच्यावर वझं हाय गो! आपल्यावर काय हाय? रिकाम्यानं उतरायचं असतं. पुन्ना असं बोललीस तर चालत नेईन."

घरी आल्यावर तुम्हीच बूट धुतलेत, आत कागद कोंबून चुलीशेजारी ठेवलेत आणि ते करपू नयेत म्हणून राखणीला बसलात. आई म्हणाली, "बुटांची एवढी काळजी, मग चिखलात कशाला उतरवलीत?" तुम्ही ओला कागद काढून कोरडा कोंबलात. मी मात्र माझा निकाल लावून टाकला होता, की आपला बाप भित्रा आहे. ओझ्याचं बोलणं ही नुसती सबब.

बारावीनंतर मला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला नोकरी लागली आणि तुम्ही तुमची दांडीची सायकल मला दिलीत. देण्याआधी कुठूनसा स्कूटरचा आरसा आणलात, तो हँडलला पट्टीनं आवळून बसवलात, मला सीटवर बसवून चार वेळा फिरवून पाहिलात. "मागचं दिसलं म्हंजे येळेवर उतरशील," म्हणालात. दुसऱ्या मुलींना बापानं काय काय दिलं असेल, मला उतरायची सोय दिली. मी आरसा ठेवला. चांगला होता.

मग तुम्ही गेलात, घरच्या खाटेवर, छातीच्या दुखण्यानं. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून ये-जा केलीत, अंगाला कधी खरचटलंही नाही. तुमच्या बाजूचं हे सगळ्यात भक्कम बोलणं. त्यामुळे मनात कितीही चडफडले तरी मीसुद्धा पुष्कळ वर्षं उतरतच राहिले. लग्न झालं तरी याच घरात राहिले, मुलगा झाला, तो मुंबईला कामाला गेला, तोवर मी उतरत होते.

आता उतरायला खालीच राहिलं नाही. तुमची ती साइडपट्टी गेली. म्हणजे आहे, पण तिच्यावर टँकर उभे असतात, माल भरायचा नंबर येईपर्यंत, एकामागे एक. त्यांचे ड्रायव्हर दोन चाकांच्या मध्ये स्टोव्ह पेटवून भात शिजवतात, दोरी बांधून कपडे वाळत घालतात. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना कोणी जागा दिलेली नाही. पण पहिल्या पाळीच्या बायका चालत येतात त्या डांबरावरूनच, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही. टँकरांच्या पलीकडे थेट गटार. मागून हॉर्न आला की दोन उभ्या टँकरांच्या मधल्या फटीत शिरायचं आणि गाडी गेली की बाहेर पडायचं, अशी सगळ्यांची सवय झालेली.

आपल्या शेजारची, पॅकिंगला माझ्याच टेबलावर असते ती, अशीच फटीत शिरली. पुढचा टँकर त्याच वेळी मागे आला. त्याला ती दिसली नाही. तिचा पाय गेला नाही, पण पाऊल चिरडलं. दवाखान्यात जो येईल तो तिलाच सांगत होता, "बघून उतरायचं ना गो!" ती उतरली होती, बाबा. तुमच्या नियमानं, वेळेवर, मुकाट्यानं उतरली होती. त्या दिवसापासून मी उतरायचं सोडलं.

पण तुमचा नियम आला कुठून, ते मला मागच्या शिमग्याला कळलं. मी वर कुडपणला गेले होते. चुलतीबरोबर पायवाटेनं चालले होते. वरून आवाज आला, "भारा हाय, भारा!" चुलतीनं माझा दंड धरून मला वाटेच्या वरच्या अंगाला ओढलं. एक बाई डोक्यावर गवताचा भला मोठा भारा घेऊन उतरत होती. भाऱ्याखाली तिचं तोंडही दिसत नव्हतं, नुसती हनुवटी. ती हळूहळू, पाय चाचपत आमच्या समोरून गेली आणि जाताना म्हणाली, "बरं झालं गो बायांनो." खाली रस्त्यावर मुंबईहून आलेला एक पोरगा मोटरसायकल घेऊन होता. त्यानं गाडी बंद केली, कडेला घेतली आणि ती जाईपर्यंत उभा राहिला.

चुलती म्हणाली, "भारेवाल्याला मान फिरवता येत नाय, खाली बगता येत नाय. रिकाम्यानं वाट द्यायची. तुझा बापूस तर लांबून आवाज आला का आधीच उभा व्हायचा."

मी तिथंच वाटेवर बसले. म्हणजे तुम्ही भीत नव्हतात! टँकरला तुम्ही भारेवाला समजत होतात. पठारावरची पायवाट तुम्ही डोक्यात घेऊन खाली आलात आणि ती डांबरावर अंथरलीत. त्याच्यावर ओझं, आपण रिकामे, म्हणून आपण उतरायचं. इतका सरळ माणूस आणि इतकी मोठी चूक! अहो, त्याचं ओझं इंजिनावर असतं, मानेवर नसतं. त्याला पुढे दिसतं, मागे दिसतं, ब्रेक आहे. मान तर आपल्या बायकांची मोडते. आणि तुम्ही मला नियम सांगितलात तोही अर्धाच. भारेवाला आधी हाक देतो, सावकाश चालतो आणि वाट दिल्यावर दोन शब्द बोलतो. टँकरवाल्यांनी यातलं काय केलं, सांगा मला.

हे भांडण तुमच्याशी करता आलं नाही, म्हणून रस्त्यावर केलं. शेजारीण नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती तेव्हाची गोष्ट. मी सायकल हातात धरून चालत होते, पुढे डबे घेतलेल्या चौघी-पाचजणी. डाव्या हाताला उभे टँकर, समोरून मोटरसायकलींची रांग. मागून भरलेला टँकर आला आणि हॉर्नवर बसला. बायका सवयीनं फटीकडे वळल्या. मी म्हटलं, "कोणी उतरायचं नाही," आणि सायकल रस्त्यात आडवी घातली.

टँकर कचकन थांबला. त्याच्यामागे एसटी थांबली, पाळीच्या माणसांनी गच्च भरलेली. मग काय विचारता! टँकरवाला खाली उतरला. माझ्या मुलाच्या वयाचा, डोळे जागरणानं लाल. "दीदी, मरना है क्या? लोड गाडी है, ब्रेक जल्दी नहीं लगता!"

लोड गाडी! बाबा, मला वाटलं तुम्हीच बोलता आहात.

"भरलेला हायस ना? मग हळू चाल! भारेवाला कधी धावतो का?" मी ओरडले. राग आला की माझ्याही तोंडात तुमचीच भाषा येते.

त्याला काही कळलं नाही. एसटीच्या खिडक्यांतून आपलीच माणसं ओरडत होती. "ए बाय, हो ना गो बाजूला! आमची पंचिंग चुकंल!" "हिला काय झालंय सकाळी सकाळी?" सगळ्यात जास्त तेच लागलं. टँकरवाला परका, पण हे तर रोजचे. तरी सायकल हलवली नाही.

मग एसटीचा ड्रायव्हर उतरून आला. पिकलेल्या मिशांचा, पोलादपूरकडचा, डोंगरातला माणूस. मला वाटलं, आता हाही झापणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं, टँकरच्या रांगेकडे पाहिलं, बायकांच्या हातातल्या डब्यांकडे पाहिलं. "भारेवाल्याचं कोन बोललं?"

"मी."

"बराबर हाय तुझं." तो टँकरवाल्याकडे वळला. "बाबा रे, ये औरत लोग नाके तक आगे चलेगा. तू उसके पीछे, मैं तेरे पीछे. हॉर्न नाय मारायचा." आणि आम्हाला म्हणाला, "चला गो. रस्त्यानं चला, फटीत नको."

आम्ही चाललो. पुढे बायका, मग मी, मग टँकर, मग लाल गाडी, नाक्यापर्यंत बिनवाजंत्रीची वरात. एसटीतल्या दोघी वैतागून खाली उतरल्या, कारण चालत लवकर पोचणार होत्या, आणि आमच्यातच सामील झाल्या. हजेरीची पंचिंग सगळ्यांचीच चुकली. सुपरवायझरनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, रस्ता अडवणं शोभतं का? मी म्हटलं, मी रस्ता अडवला नाही, मी रस्त्यावर होते. मुलगा मुंबईहून फोनवर म्हणतो, "आई, स्कूटी घे आणि मोकळी हो." घेईन की. पण चालणाऱ्या बायका मोकळ्या कशा होणार, ते त्यानं सांगावं.

तेव्हापासून आम्ही सकाळी एका ओळीत डांबरावरूनच जातो. शेवटी मी, सायकलवर हळूहळू, तुमच्या आरशासकट. तो एसटीवाला ड्युटीवर असला की मागे धिमा होतो, दुसरे काही होत नाहीत. उभे टँकर अजून उभेच आहेत. रोज कोणीतरी शिव्या देतं. पण पुढच्या महिन्यात शेजारीण कामावर परत येणार आहे, काठी घेऊन. तिला आता पटकन उतरता येणार नाही, फटीत शिरता येणार नाही. ती येईल तेव्हा तिला डांबरावर जागा हवी आहे आणि ती मी धरून ठेवली आहे. तुम्ही वरून कितीही "उतर गो, उतर गो" केलंत तरी सोडणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. लिहून झालं की चुलीतच जाईल, जिथं तुम्ही माझे बूट करपू दिले नाहीत. त्याआधी एक सांगून टाकते.

काल संध्याकाळी सुटून येताना गावाच्या वळणावर एक म्हातारी समोरून आली, डोक्यावर गवताचा भारा. माझा डावा पाय आपोआप खाली आला. मी सायकल आडवी धरली, मागून येणाऱ्या टेम्पोला हातानं थांबवलं आणि म्हटलं, "या मावशी, सावकाश या." तिला मान वळवता येत नव्हती. भाऱ्याखालूनच तिनं विचारलं, "कोन गो? कुनाची तू?"

"कुडपणवाल्याची. सायकलवरून यायचे ना, त्यांची."

"तरीच," म्हणाली, आणि गेली.

तर बाबा, मी उतरले, आणि उतरताना मला फार बरं वाटलं. टँकरवाल्यांना मात्र हे कळता कामा नये.