नकाशावरचा कोरा सडा

१२ ऑगस्ट
कॉलेजात शिकवण्यातून रजा काढून वरच्या कातळपठारावर, सड्यावर. कंदीलपुष्पं फुलली. एकेचाळीस मोजली, गेल्या साली अडतीस. साऱ्या जगात हे फूल पाच सड्यांवर, त्यातला हा सगळ्यात भरलेला. हौसामावशी म्हशी घेऊन आधीच हजर. सहा वर्षांपूर्वी फुलं हिनेच दाखवली. तेव्हापासून या दिवसांत म्हशी पलीकडच्या अंगाला नेते, कुणी न सांगता. "तुमची कंदिलं आल्यात बगा बाई. औंदा उशीर केलासा." तिच्याकडची भाकरी खाऊन उतरले. मोजे अजून ओलेच.

१९ ऑगस्ट
पुण्याहून नकाशाचा मसुदा. फुलाला धोका किती हे ठरवायचं तर आधी ते कुठे कुठे आहे ते मांडायचं. दोन-दोन कि.मी.चे चौकोन, नोंद असेल तो लाल. आपला सडा कोरा! लाल चौकोन पडलाय कोडोलीकडच्या उसात. शेजारी शेरा: 'पाहणीत आढळले नाही. अधिवास नष्ट.'
उसात कशाला आढळेल? ती नोंद माझीच. कंद उकरून नेणारे हौशी लोक असतात, म्हणून नोंद देताना जागा थोडी सरकवायची, हे आम्हा वनस्पती अभ्यासणाऱ्यांत सगळेच करतात. पण 'सरकवली आहे' असं शेऱ्यात लिहायचं असतं. मी लिहिलं नाही. शेरा वाचला की लोक शोधतातच, असा माझा हिशोब. फार शहाणी ना मी. पुण्याच्या सरांना, नकाशा त्यांच्याकडेच आहे, सोमवारी फोन करायचा.

२३ ऑगस्ट
फोन केला नाही. लाज, दुसरं काय.
मावशीच आली, एस.टी.ने, थेट कॉलेजात. सुनेच्या मोबाइलमध्ये ग्रामपंचायतीतल्या नोटिशीचा फोटो. सड्यावर बॉक्साइटची खाण. ५ सप्टेंबरला जनसुनावणी. खाणवाल्यांच्या अहवालातलं एक वाक्य खाली छापलंय: सड्यावर दुर्मीळ वनस्पतीची नोंद नाही. आधार कशाचा, तर आमच्याच मसुद्याचा; तो त्यांच्या हाती माझ्याआधीच पोचलेला.
वाचून दाखवलं. म्हणाली, "न्हाई कसं? मग मी सा वर्सं काय दगडं राखत हुतो?"
चहा मागवला. खरं काय ते सांगितलं नाही.

२७ ऑगस्ट
अखेर सरांशी बोलले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. "बदलू. पण आधीची नोंद खोटी होती असं लेखी द्या. मग तुमच्या बाकीच्या नोंदीही बाजूला ठेवाव्या लागतील."
उरलेल्या चार सड्यांच्या नोंदीही माझ्याच. त्या खऱ्या आहेत, पण खोटारडीच्या खऱ्याला कोण विचारतं? एक सडा वाचवायला चार पणाला. आणि खरी जागा एकदा कागदावर आली की उकरणारे... करायला गेले काय. प्रॅक्टिकलला मुलींवर उगाच खेकसले.

५ सप्टेंबर
सुनावणी. मंडप, खुर्च्या, खाणवाल्यांतर्फे वडापाव. मावशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. उभी राहिली. "सड्यावर फुलं हायती. चला, आत्ता दावतो."
सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी नकाशा उघडला. "मावशी, यात तर नाही." मागे काहीजण हसले. तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईंनी लिवून घेतलंय सगळं. इचारा की."
सगळे माझ्याकडे. मी बसूनच राहिले. मग उठून म्हणाले, लेखी देते. साहेब म्हणाले, सात दिवसांत द्या. तोवर मावशी खाली बसली होती.
बाहेर तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं शिव्या घालेल. "लपवलासा त्येचं काय न्हाई. मी बी कुणाला सांगत न्हवतो. पर मी खरं बोलत हुतो तवा तुमी गप का बसलासा?"
भीती वाटली म्हणून. हे इथेच लिहितेय. परतीच्या एस.टी.त रडले.

११ सप्टेंबर
उद्या शेवटचा दिवस. पत्र लिहिलं. नोंद खोटी, ती मीच दिली, असं. खरी जागाही लिहिली, येऊ देत कोण येतंय ते. चार सड्यांचं काय होईल ते होवो.
पण नुसत्या माझ्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? साहेबांच्या कचेरीत विचारलं. फुलं पाहिलेल्या गावच्या माणसाचं पूर्ण नाव आणि सही किंवा अंगठा हवा. म्हणजे मावशीच.
माझ्या एकाही नोंदीत तिचं नाव नाही. जागा लपवायची म्हणून तिचंही नाव लपवलं, ही सबब. खरं म्हणजे लिहायचं सुचलंच नाही. 'शोधले' या रकान्यात सहा वर्षं माझंच नाव. मोबाइलमध्ये ती 'हौसामावशी सडा'.
सकाळपासून तिला पाच फोन केले. उचलत नाही. पत्रात 'श्रीमती हौसाबाई' एवढं लिहून पुढे मोकळी जागा ठेवली आहे. तिचं आडनाव मला माहीत नाही. तिच्या गावची सकाळी सहाची एस.टी.