पाऊण इंचाची पाटी

होलुब क्रीक, टेक्सस
२ एप्रिल २०१७

प्रिय रोझाली,

मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. एकच विनंती, नेहमीसारखं शेवटचं पान आधी उघडू नकोस.

दहा हजार सातशे बारा माणसं आणि चौदा पिस्तुलं. गेल्या वर्षीचे बावन्न शनिवार, सकाळी सात ते अकरा, आपल्या बेकरीच्या खिडकीतून. त्रेपन्नावा शनिवार तापात गेला, तो धरलेला नाही. चौकातल्या फुटपाथवरून खिडकीसमोरून जाणारा प्रत्येक मोठा माणूस मोजला, गिऱ्हाईक असो वा नसो. गणवेशातले पोलीस सोडले. यंत्रं दोन, कामावर रस्त्यांची वाहतूक मोजायला वापरते तीच, अंगठ्याने दाबायची. डाव्या हातातलं माणसांसाठी, उजव्यातलं कमरेला उघड्यावर पिस्तूल लावलेल्यांसाठी. हिशेब सातशे पासष्टांमागे एक असा निघतो. वर्षभर माझा उजवा अंगठा जवळजवळ बेकार होता.

हे का मोजलं, ते तुला ठाऊक आहे. पिस्तूल उघड्यावर लावायची मुभा देणारा कायदा लागू होण्याच्या आठवडाभर आधी, २०१५च्या नाताळात, तू फोनवर म्हणालीस, "आता तिथे ज्याच्या त्याच्या कमरेला दिसणार. मी माझ्या लहानग्या टेसला घेऊन यायची नाही. तुम्ही या इलिनॉयला." मी म्हटलं, आधी आकडे तरी येऊ देत. त्यावर तू म्हणालीस, "तुझ्याकडे आकडे आहेत, अ‍ॅडेला. माझ्याकडे पोट आहे, आणि ते आधी आखडतं." बँकेच्या तीन नंबरच्या खिडकीत दरोड्याच्या त्या सकाळी तू बसली होतीस, मी नव्हते. त्या माणसाने पिस्तूल रोखलंसुद्धा नाही, पाकीट ठेवावं तसं तुझ्यासमोर ठेवलं, एवढंच तू एकदा सांगितलंस. सहा वर्षांत पुन्हा नाही. मी विचारलंही नाही. ती माझी पद्धत नव्हे, आणि ते बरोबर होतं असं आता मला वाटत नाही.

पहिला शनिवार वाईट गेला, तेही लिहायला हवं. एका सकाळीत चार. त्यातले तिघं एकत्र आले, चौकात उभे राहून एकमेकांचे फोटो काढले आणि खसखशीचे गोड पाव, आपल्या कोलाची, घेऊन गेले. आई भट्टीपाशी थिजून उभी होती. "रोझीचं बरोबर होतं गं," एवढंच म्हणाली. आंतोनकाका मात्र खुशीत. चौथे तेच होते. सबंध डिसेंबर आपल्या गल्ल्यापाशी उभे राहून ते गर्जत होते, "निम्मं गाव लावणार, निम्मं! लिहून ठेव, पोरी." मी लिहून ठेवलं. खाली त्यांची सहीही घेतली. हरणाऱ्याने चर्चच्या हॉलमधल्या वार्षिक सॉसेज-जेवणात माइकवर उभं राहून आकडा वाचून दाखवायचा, असं ठरलं.

जानेवारीत एकूण आठ, फेब्रुवारीत तीन, मार्चमध्ये एक. त्यापुढे डिसेंबरपर्यंत दोन. कशामुळे, ते मला सिद्ध करता येणार नाही, पण आंतोनकाकांचं बघितलंय. पट्टा खाली ओढला जायचा म्हणून ते एका हाताने पँट धरून चालायचे. खुर्चीत बसले की पिस्तुलाचं ते धूड खुर्चीच्या दांडीवर आपटायचं. गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं टोळकं कोपऱ्यातल्या टेबलावर बसतं ना, त्यातल्या हर्मिनाआजी दुसऱ्याच शनिवारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "आंतोन, तू आपली पँट सांभाळ रे. चोर आला तर त्याला आम्ही सुयांनी बघून घेऊ." तिसऱ्या शनिवारी काकांचा शर्ट पँटच्या बाहेर होता. आत काय होतं ते मला माहीत नाही. ते मी मोजलेलं नाही. तू विचारशीलच म्हणून लिहिते: जी झाकलेली आहेत त्यांच्याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही. ती आधीही होती. बाबांच्या गाडीच्या खणात वीस वर्षं एक होतं, आणि आपण दोघी त्याच खणात गोळ्या-चॉकलेटं शोधायचो.

आता पाटीबद्दल. फेब्रुवारीत आई म्हणाली, "दारावर पाटी लाव, पिस्तूल लावून आत यायचं नाही अशी. रोझी आली तर दुकानात तरी नको." कायदा त्याची मुभा देतो, पण अटी घालून: ठरलेला मजकूर शब्दन् शब्द, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, ठसठशीत रंगात, प्रत्येक अक्षर किमान एक इंच उंच. मी कॉम्प्युटरवर बसले, अक्षरांचा आकार बहात्तर पॉइंट ठेवला, कारण बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच. छापून आणली, दोरी धरून सरळ चिकटवली. महिनाभर लोक तिच्यावर हात टेकून दार ढकलत राहिले. तोवर कोणी शेवटपर्यंत वाचली असेल असं वाटत नाही.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी एका माणसाने वाचली. चिखलाचे बूट, नारिंगी जाकीट, पट्ट्याला पिस्तूल. यंत्र दाबलं, बारा झाले. तो दाराबाहेर उभा राहून ओठ हलवत आधी इंग्रजी वाचत होता, मग स्पॅनिश. मग त्याने खिशातून मापाची टेप काढली आणि माझ्या पाटीला लावली. मी बाहेर गेले. तो म्हणाला, "ताई, अक्षरं जेमतेम पाऊण इंचाची आहेत. कायद्याने ही पाटी चालत नाही." मी त्याच्या हातातून टेप घेतली आणि स्वतः मोजलं. पाऊण इंचालाही केसभर कमीच. बहात्तर पॉइंट हे अक्षराभोवतीच्या चौकटीचं माप असतं, अक्षराचं नव्हे. हे मला शिकवलेलं आहे. त्यावर मी परीक्षाही दिलेली आहे. रागाने म्हटलं, "मग या तसेच आत. कोणी अडवू शकत नाही तुम्हाला." तो म्हणाला, "चालत नाही म्हणालो. वाचता येते की." आणि ट्रककडे परत गेला, पिस्तूल आत ठेवून कुलूप लावलं, आणि रिकाम्या पट्ट्याने येऊन सहा जर्दाळूच्या कोलाची मागितल्या.

नाव एफ्राइन कांतू. जमिनींची मोजणी करतो. नदीकाठच्या झाडोऱ्यात साप फार, म्हणून कामावर असताना लावतो. तेव्हा थेट कामावरून आला होता. पुढच्या शनिवारी आला तेव्हा पट्टा आधीच रिकामा होता. मी नवी पाटी छापली, सव्वा इंचाची, जोखीम नको म्हणून. तिने अख्खं दार व्यापलं. आई कुरकुरली, "आता बाहेरून माझ्या कोलाची दिसत नाहीत, नुसता कायदा दिसतो." त्यावर एफ्राइनने खिडकीखालचा कोरा भाग मोजून दिला आणि मजकूर दोन तुकड्यांत बसवला. आईने त्याला दोन कोलाची जास्त दिल्या. तो तेव्हापासून प्रत्येक शनिवारी येतो. मोजणी चालू होती तोवर खिडकीशेजारी स्टूल घेऊन बसायचा आणि मला कॉफी आणून द्यायचा, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले असायचे.

सॉसेज-जेवण या फेब्रुवारीत झालं. पोल्का नाचाची धून वाजवणाऱ्यांना मध्येच थांबवून आंतोनकाका माइकपाशी गेले. चष्मा लावला, माझा कागद उघडला, घसा खाकरला. "दहा हजार सातशे बारा," म्हणाले, आणि थांबले. मग, "चौदा." हॉलमध्ये आधी कोणाला कळलंच नाही. मग काका पुढे म्हणाले, "आणि त्या चौदात दोनदा मीच आहे," तेव्हा हर्मिनाआजी काटा ताटावर आपटत हसल्या, आणि त्यांच्यामागे सगळा हॉल. लोक टेबलं बडवत होते. काकांनी खाली येऊन माझ्याशी हात मिळवला. "पोरी, हरलो. पण मोजायला कोणीतरी बसलं होतं हे चांगलं झालं." रोझी, मला टाळ्या आवडत नाहीत, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी आवडल्या.

फक्त आई टाळ्या वाजवत नव्हती. घरी परतताना गाडीत म्हणाली, "आकडा छान आहे गं. पण मोजून माणसं येतात का?" म्हणून हे पत्र.

मे महिन्याच्या सहा तारखेला, शनिवारी सकाळी अकराला, आपल्या चर्चमध्ये माझं लग्न आहे. एफ्राइनशी. म्हणजे बारा नंबरशी. तो आकडा मला वगळता आला असता. तेरा म्हणजे तुला आणखी एक कमी दिसला असता, आणि माझं हे वाक्य लिहिणंही सोपं झालं असतं. वगळला नाही, कारण तुझ्याशी एक जरी आकडा खोटा बोलले तर बाकीच्या दहा हजार सातशे अकरांचा काय उपयोग? तुझी गोष्ट मी त्याला सांगितली आहे, मला ठाऊक आहे तेवढीच. त्या आठवड्यात त्याचा ट्रक, आतल्या सगळ्यासकट, ऑफिसच्या आवारात राहील, तीन मैलांवर. हे त्याने ठरवलं, मी मागितलं नव्हतं. पाठराखीण म्हणून माझ्या शेजारी उभं राहायला मी कोणालाही सांगितलेलं नाही. ती जागा तू भरली नाहीस तर रिकामी राहील, दुसरं कोणी तिथे येणार नाही. पाकिटात उजव्या हातातलं यंत्र घातलंय, शून्यावर आणून. ऑस्टिनच्या विमानतळापासून ते चर्चच्या पायऱ्यांपर्यंत तूच मोज. तीनच्या वर गेलं तर तिथूनच परत फिर. मी एका शब्दाने विचारणार नाही, आणि पुढच्या सुट्टीत आईला घेऊन इलिनॉयला येईन. माझा अंदाज शून्य, फार तर एक. पोट आखडलं तरी ये. पायऱ्यांवर डाव्या हातातलं यंत्र घेऊन मी उभी असेन. ते मला फक्त दोनदा दाबायचं आहे. टेसलाही मोजणार आहे.

तुझीच,
अ‍ॅडेला